वहिनीने पिळलेली तार

माझ्या धाकट्या दिराचं लिही. सुतार होता. दारं-खिडक्या करून पोट भरायचा आणि उरलेल्या वेळात मागच्या शेडमध्ये विमान बांधायचा. खरंखुरं, एका माणसाचं. सात वर्षं लागली बघ. तुझे आजोबा म्हणायचे, "लग्न कर, म्हणजे आपोआप जमिनीवर राहशील." तो नुसता हसायचा.

विमानाच्या नाकावरचा पंखा त्यानं लाकडाचा घडवला होता. सहा बोल्टांनी बसवलेला. ते फिरून सैल पडू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतल्या भोकांतून तार ओवून पीळ घालायचा, एकानं दुसऱ्याला घट्ट धरावं असा. त्याचा पीळ वेडावाकडा यायचा. माझी बोटं बारीक. मी घातला तो वेणीसारखा बसला.

"वहिनी, ही तार बघायला लोक येतील."

"आधी तुम्ही धड खाली या, भावजी."

चांगला दोनदा-तीनदा उडून आला. विमानांच्या कारखान्यातला एक म्हातारा मिस्त्री त्याला शिकवायचा, त्यानं आम्हा दोघांना बजावलं होतं, "उन्हाळ्यात लाकूड आटतं. बोल्ट फिरत नाही, पण पकड जाते, मग पंखा हादरून बोल्टच मोडतात. तार कापायची, बोल्ट आवळायचे, नवी तार घालायची. कंटाळा नको."

ऐन उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तुझ्या आईच्या वेळी. निघताना म्हटलं, "भावजी, तेवढी तार कापा हं."

"तुम्ही आल्यावर. इतकी देखणी कापवत नाही, आणि मला तशी जमते कुठं?"

मी खुशीत हसले. हे गाळू नकोस, लिही.

तुझी आई झाली तसा त्याचा निरोप आला. बुधवारी सकाळी तुमच्या घरावरून चक्कर मारतो, पुतणीला अंगणात घेऊन बसा. बसले. ऊन चढलं, बाळाचं अंग तापायला लागलं, तेव्हा आत आले. दुपारी तुझे आजोबा आले. उंबऱ्याशीच बसले, चप्पलसुद्धा काढली नाही.

पंखा वरच निखळला होता. विमान खडकांवर पडलं.

पंधरा दिवसांनी मिस्त्री भेटायला आला. मला एकच विचारायचं होतं. "माझी तार तुटली का हो?"

त्यानं रुमालाची गाठ सोडली. बोल्ट खालून मोडले होते, सहाही डोकी मात्र तारेत गुंफलेली, तशीच.

"तुटली नाही, बाई. ती कापायची होती."

मी पीळ बघत राहिले. एकही सुटला नव्हता.