न थांबणारा प्रोग्राम

"हे कुणाचं नाव टाकलंय वर?" विभागप्रमुखांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

"माझं, सर. कोड मी लिहिलाय."

"तुमच्या लोकांना सगळीकडं नावच पायजे," ते म्हणाले आणि हसले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. खोलीतले बाकीचेही हसले.

मी जिंतूरचा. परभणीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. मार्कांची एन्ट्री हे माझं काम. ते उरकलं की संध्याकाळी मी एका गणिती लायब्ररीवर बसायचो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामांचा संच. हा संच फुकट होता, त्याचा सोर्स कोड कुणीही वाचावा, सुधारावा. मानवतचा माझा मित्र शफी पुण्यात एका संस्थेत होता. तिथं ई-मेल होता. तो मला फ्लॉपी पाठवायचा, मी लिहिलेलं परदेशात पोचवायचा.

त्या संचात अवयव पाडायची सोय कच्ची होती. ९१ म्हणजे ७ गुणिले १३, हे आपण तोंडी सांगतो. आकडा वीस अंकी झाला की एकेका संख्येनं भागत बसणं मशीनलाही झेपत नाही. मी दुसरी रीत घातली. एका सूत्रातून आकडे काढत जायचं आणि त्यांच्या फरकात मूळ संख्येचा अवयव लपलाय का ते तपासायचं. जुना प्रोग्राम तासभर घ्यायचा, तिथं हा काही सेकंदांत उत्तर द्यायचा. संच सांभाळणाऱ्या परदेशातल्या लोकांनी तो घेतला. फाईलच्या डोक्यावर माझं नाव राहिलं. तेच सरांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर रूमला नवं कुलूप दिसलं. एन्ट्रीचं काम दुसऱ्याकडं गेलं. मला स्टोअरमध्ये बसवलं.

त्याच आठवड्यात शफीचा फोन आला. "अरे, काही आकड्यांवर तुझा प्रोग्राम थांबंनाच गेलाय. नुसता फिरायलाय. नवी आवृत्ती निघायलीय, लवकर दुरुस्ती दे म्हणतेत."

चूक मला लगेच कळली. सूत्र एकाच चक्रात अडकत होतं. त्यातला एक आकडा बदलून पुन्हा सुरू करायचं, एवढंच. मी सरांकडे गेलो.

"सर, फक्त अर्धा तास मशीन द्या."

"कॉलेजचं काम हाय का?"

"न्हाई, पण..."

"मग कशाला वेळ घालवायलाव माझा?"

गावात दुसरं मशीन मला कोण देणार होतं? मी कागदावर ओळी लिहिल्या आणि एसटीडी बूथवरून शफीला एकेक अक्षर सांगितलं. त्याला मशीन ई-मेलपुरतंच मिळायचं, त्यानं न चालवता तसंच पाठवलं.

उत्तर आलं. दुरुस्ती चुकीची होती. आकडा बदलला होता, पण आधीचा निकाल पुसायची ओळ राहून गेली होती. एकदा प्रोग्राम चालवला असता तर तिथंच दिसलं असतं. त्यांनी माझा कोड काढून दुसऱ्या कुणाचा घातला. नावही गेलं. पत्र सभ्य होतं, शेवटी सल्ला होता, की चालवून पाहिल्याशिवाय कोड पाठवू नये.

सल्ला बरोबर आहे. मीही पुढं नव्या लोकांना तोच देत आलो. फक्त चालवायला मशीन लागतं, एवढं त्यात सांगितलेलं नसतं.