कपाटातली कोरडी किल्ली

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ मला नीट जमत नाही आणि अक्षरही वाकडंतिकडं येतं. चौथीनंतर हातात पेन कमी आणि साबणच जास्त राहिला. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण कुणाच्या हाती लागलीच तर चुका सांभाळून घ्याव्यात.

अमरावतीत एका घरी मी आठ वर्षांपासून कपडे धुते. खिसे तपासल्याशिवाय मी कपडा भिजवत नाही. जे निघेल ते खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत ठेवते. त्या वाटीमुळेच घरच्या ताईंचा माझ्यावर विश्वास बसला.

मागच्या वर्षी त्यांच्या यजमानांनी नवी गाडी घेतली. मी त्यांना भाऊ म्हणते. त्या गाडीच्या किल्लीला दातच नव्हते. काळी, गुळगुळीत, झिजलेल्या साबणाएवढी. ती खिशात ठेवायची आणि बटण दाबलं की गाडी सुरू. एक दिवस पडद्यांचा ढीग होता. घाईत भाऊंची पँट तशीच बादलीत गेली. पिळताना हाताला किल्ली लागली. मी ती पदरानं पुसली, वाटीत ठेवली आणि कुणाला न सांगता घरी निघून आले. बोलायची वेळ आली की माझी जीभ जड होते.

दुसऱ्या दिवशी भाऊंना अकोल्याला जायचं होतं. गाडी सुरू होईना. गाडीतल्या समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, ती भाऊंनी मोठ्यानं वाचली, "किल्ली सापडत नाही. अरे, हातात तं हाय!" त्यांनी कपाटातली दुसरी किल्ली आणली. तिनंही काही होईना.

मग मी कसंबसं म्हटलं, "भाऊ, काल ती पहिली किल्ली धुण्यात गेली होती."

भाऊ रागावले नाहीत. नुसतेच वाटीकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

गाडी ट्रकवर चढवून अकोल्याच्या शोरूमला नेली. तिथून फोन आला, की ओल्या किल्लीमुळं गाडीच्या कॉम्प्युटरनं दोन्ही किल्ल्या बंद केल्या, आता दोन्ही नव्या कराव्या लागतील. आकडा ऐकून ताई म्हणाल्या, "बापा! एवढ्यात तं जुनी स्कूटर येते!"

"माझ्या पगारातून कापा," मी म्हटलं.

"राहू द्या मावशी," भाऊ म्हणाले. पण पगाराचं पाकीट ताई द्यायच्या. पुढच्या महिन्यापासून त्यात पाचशे कमी येऊ लागले.

माझा नवरा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात जातो. तो म्हणाला, "किल्ली धुतली त गाडी रुसते काय वं? माह्या गाडीची किल्ली नालीत पडू दे, काढून पूस, लगेच चालू!"

मला हसू आलं नाही. पैशाचं दुःख होतंच, पण आठ वर्षांचं नाव गेलं याचं जास्त होतं. हात एका जागी राहत नव्हते. धुतलेल्या, वाळलेल्या कपड्यांचे खिसेही मी पुन्हा चाचपायची. तांदूळ निवडताना, ऑटोत बसल्यावर एकच गोष्ट मनात यायची. कपाटातली किल्ली तर कोरडी होती. मग तीसुद्धा कशी बंद पडली? लगेच वाटायचं, शिकलेल्या माणसांनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलंय, तिथं आपण कोण?

चौथ्या महिन्यात पाकिटातून पाचशे कापले गेले, त्याच आठवड्यात गाडी पुन्हा तशीच अडली. नव्या दोन्ही किल्ल्या भाऊंच्या हातात होत्या. या वेळी अकोल्याहून एक इंजिनीअर लॅपटॉप घेऊन आला आणि गाडीत बसला. मी बाजूच्या दोरीवर चादर टाकत होते. ती चादर मी तीनदा सरळ केली. मग ओल्या हातांनीच गाडीजवळ गेले.

"दादा, मागच्या वेळी कपाटातली किल्ली पण चालली नव्हती. ती तं कोरडी होती. मग कावून बंद पडली?"

त्यानं वर पाहिलं. "दोन्ही एकदमच बंद झाल्या होत्या?"

"एकदमच," भाऊ म्हणाले.

तो बराच वेळ लॅपटॉपवर बोटं चालवत राहिला. "त्या वेळी आदल्या दिवशी गाडीनं आपोआप अपडेट घेतलं होतं. कालपण घेतलं. घोळ त्यातच आहे. किल्ल्या विसरून जाते ती."

"विसरते ते, अन् बिल भरतो आमी?" भाऊंचा आवाज चढला.

दारातून ताईंनी विचारलं, "म्हणजे मावशींमुळं नव्हतं?"

"किल्ली धुवू नये हे खरंच, ताई. पण गाडी त्यानं बंद पडली नाही."

ताई आत गेल्या. मी दोरीकडे आले.

पुढच्या महिन्यात पाकीट पूर्ण आलं. पण आधी कापलेल्यांचं कुणी काही बोललं नाही आणि मला विचारता येईना. भाऊ रोज फोनवर शोरूमशी भांडायचे. मी बादलीपाशी कान देऊन बसायची. ताई जवळून गेल्या की वाटायचं, आता बोलतील. त्या साबण देऊन जायच्या.

महिना असाच गेला. मग एका सकाळी ताई नळाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"हात पुसा, मावशी."

मी पदराला हात पुसले.

"शोरूमनं आमचे पैसे अजून दिले नाहीत. भांडण चालूच आहे. पण तुमचे त्यात कावून अडकवायचे? मी आधीच द्यायला पाहिजे होते." त्यांनी नोटा माझ्या हातावर ठेवल्या. "मोजून घ्या."

नको म्हणणार होते, पण मोजल्या. पाचशेच्या चार. चार महिन्यांचे सगळे आले.