पिंपळगावची सलूनच्या खुर्चीची गाडी

विचित्र गाड्यांमागे मी वेड्यासारखा फिरलो आहे. पाण्यात पोहणारी, विमानाचा पंखा लावून पळणारी, दोन्ही तोंडांनी चालणारी, सगळ्या तऱ्हा तुम्ही या ब्लॉगवर वाचल्या आहेत. आपल्या कलकत्त्यात एकेकाळी हंसाच्या आकाराची मोटार फिरायची आणि चोचीतून गरम पाणी उडवून गर्दी हटवायची, हे तर मी भेटेल त्याला सांगत सुटतो. अशा माणसाला पिंपळगाव बसवंतहून मावशीचा फोन आला, "तुझा तो हंस ठेव बाजूला. मी गाडी बनवलीय, बघायला ये." रविवारी नाशिकला जुन्या आणि आगळ्यावेगळ्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, आणि तिने परस्पर नाव नोंदवूनही टाकलं होतं!

शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. नारायणगावला चहा, सिन्नर सोडल्यावर झकास गारठा, नाशिकला मिसळ. शंभर रुपयांच्या आसपास पोट गच्च भरतं. पुढे आग्रा महामार्गावर मात्र वेळ हाताशी ठेवून निघा, द्राक्षांच्या हंगामात टेम्पोंची रांग काही हटत नाही.

मावशीच्या शेडमध्ये गाडी उभी होती. रिक्षाचं इंजिन, बुटकी, अरुंद, छप्पर नाही आणि मधोमध चक्क सलूनची खुर्ची! मी हसलो. मावशी हसली नाही.

द्राक्षाचे घड मांडवाला लटकतात, त्यामुळे बागेतलं निम्मं काम मान वर करून. मावशीच्या नवऱ्याचा, म्हणजे आमच्या काकांचा, जन्म त्यात गेला आणि मान आखडून बसली. आता ती वर होत नाही, गुडघ्यांनीही दगा दिलाय.

"स्वतःच्या बागेतले घड मोबाईलवर बघायचे रे," मावशी सांगू लागली. "एकदा दाढीला गेले, सलूनवाल्यानं खुर्ची मागं पाडली. घरी येऊन म्हणतात कसे, आज लय दिसांनी छत बघितलं. तवाच माझ्या डोक्यात आलं."

भंगारातली खुर्ची तिने उचलली आणि वेल्डरच्या उरावर बसून गाडी करून घेतली. वेलींच्या दोन ओळींमधून हळूहळू जायचं, थांबायचं, खुर्चीचा दांडा ओढायचा. पाठ मागे पडते आणि डोळ्यांसमोर घडच घड. संध्याकाळी मी स्वतः आडवा झालो. उन्हात पिवळे मणी चमकत होते. मी बराच वेळ उठलो नाही.

पण काका नाशिकला बसायला तयार नव्हते. "बागेत ठीक हाय. चार लोकांत लोळवून माझं हसं करायचंय व्हय?"

"तुम्ही नाय चालवली तर ती गाडी नाय, भंगारच हाय," मावशी म्हणाली.

गाडीला नंबर नाही, म्हणून सकाळी ती टेम्पोत चढली. काकाही आले, पण टेम्पोपाशीच काठी टेकून उभे राहिले. मैदानावर आरशासारख्या चकचकीत मोटारी. आमची गाडी खाली उतरताच दोन तरुणांनी विचारलं, "मावशी, कटिंगचे किती?" संयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "माफ करा, पण हिला गाडी कसं म्हणायचं?" मावशीचा चेहरा उतरला. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बाई खुर्चीवरची धूळ हाताने झटकत राहिली.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. "चालती म्हणून गाडी म्हणायचं," काका म्हणाले आणि मावशीकडे न बघता खुर्चीत बसले. इंजिन फटफटलं. मोटारींच्या रांगेतून त्यांनी गाडी थेट मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली नेली, दांडा ओढला आणि सगळ्या लोकांदेखत वर बघत निवांत पडून राहिले.

हसणं थांबलं. एक टोपीवाले आजोबा मानेवर हात ठेवून पुढे आले. "मी दिंडोरीचा. माझी बी बाग हाय. बसू का जरा?" काका उठले, आजोबा आडवे झाले. "आयला, आभाळ!" एवढंच बोलले. मग निफाडचे एक आले, ओझरचे आले. बघता बघता मान आखडलेल्या बागायतदारांची रांग लागली. चकचकीत मोटारींचे लोक फोटो काढत होते, बसायला सगळे आमच्याकडे. काका प्रत्येकाला दांडा दाखवत होते, "हळू ओढा, घरच्या बाईनं बनवलीय." इतका अभिमान मला आजवर कुठल्याच गाडीचा वाटला नव्हता. मावशी पदराने डोळे पुसून मला म्हणाली, "फोटो काढ की, बघत काय बसलास!"

बक्षीस एका लांबलचक जुन्या मोटारीला मिळालं. ते ऐकायला आमच्यातलं कुणी थांबलंच नव्हतं, बागेत काम पडलं होतं.

पुण्याला येताना डिकीत द्राक्षांची पेटी होती. ती कधीच संपली. हंसाची गोष्ट मी अजून सांगतो, पण आता तिचा नंबर दुसरा लागतो. परवा मावशीचा फोन आला. दिंडोरीच्या आजोबांना तश्शीच गाडी हवी आहे, निफाडकरांनाही. वेल्डर तयार आहे, अडलंय ते खुर्च्यांवर.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गल्लीत एखादं सलून नवं फर्निचर करत असेल तर जुनी खुर्ची भंगारात जाऊ देऊ नका. मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन. फक्त पाठ नीट मागे पडते ना, तेवढं बसून बघा.