आप्पांनी पाठीकडून लावलेली नदी

मी टिळकवाडीत बिऱ्हाड करून शाळेत चित्रकला शिकवत होतो. खानापूरकडच्या आमच्या गावी कुणी माझं विचारलं, की आप्पा, म्हणजे माझे वडील, "साळंत हाय बेळगावात" एवढंच सांगायचे आणि पुढचं गिळायचे. आईजवळ मात्र म्हणायचे, "पोरगा चितरं काढतोय, ह्ये कुणाला सांगू?" मला ते फार लागायचं. त्यांनी एकदा तरी चारचौघांत माझं काम सांगावं, एवढीच माझी हाव होती.

म्हणून एका दिवाळीआधी मी मलप्रभा कोरायला घेतली. टेकाडावरून दिसते तशी: उजव्या काठाला आमचं शेत, डाव्या काठाला मसणवटा, मधे नदीचं वळण. सागाच्या फळीवर महिनाभर पटाशी चालवली. छापखान्यातून काळी शाई मागून आणली, फळीला लावली, वर पातळ कागद ठेवला आणि पळीच्या पाठीनं घासून ठसा उठवला. वळण असं झकास उतरलं की मी स्वतःवरच खूश होऊन तसाच गावी गेलो.

आप्पांनी सोप्यात बसून कागद मांडीवर घेतला. बांधावरची चिंच त्यांना लगेच सापडली. मग बोट थांबलं.

"आपलं शेत मसणवट्याच्या अंगाला कवा गेलं रं? आता मी तिकडं पेरू व्हय?"

ठसा उलटा उमटतो, हे वर्गात मीच घसा फोडून सांगायचो. कोपऱ्यातलं स्वतःचं नाव तर मी आठवणीनं उलटं कोरलं होतं, ते सुरेख सरळ आलं होतं. नदी तेवढी पाहिली तशीच कोरली होती.

आप्पांनी नावावर बोट ठेवलं. "ह्ये बरं चुकलं न्हाय."

"दुसरं करून आणतो," म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी कागद दिला नाही. उठून दाराच्या उजेडात पाठीकडून धरला. शेत आपल्या काठावर आलं. मग आईकडून शेंगतेल घेऊन त्यांनी ते कागदाला हळूहळू चोळलं, सगळं आरपार दिसायला लागलं, आणि पाठ पुढं करून तो सोप्यातल्या भिंतीवर लावला. माझं नाव उलटं झालं, ते झालंच.

संध्याकाळी शेजारचे एकजण तंबाखू मागायला आले आणि भिंतीकडं बघत राहिले.

"आपली नदी हाय," आप्पा म्हणाले. "माझा ल्योक चितरं करतोय बेळगावात. ही त्येनंच केलीया."

तंबाखू मळून होईपर्यंत त्यांनी ते दोनदा सांगितलं. कंदिलाची काच पुसत मी दोन्ही वेळा ऐकलं.