न विरघळणारा गणपती

रोह्याच्या एका कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवणाऱ्या मितेश सरांचे एकोणीस शोधनिबंध छापून आले आहेत. ते चार जणांनी वाचले, असा सरांचा अंदाज. दोन परीक्षक, एक सर स्वतः, आणि बायको प्रणिता. तिनेही फक्त नाव बरोबर छापलंय का तेवढंच पाहिलं.

विषय नॅनो लेपांचा. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा थर भिंगावर चढवायचा, म्हणजे प्रकाश आरपार जातो आणि पाणी थांबत नाही. जोहे गावात गणपतींचा कारखाना चालवणाऱ्या वडिलांना, काळुरामांना, हे सरांनी पंधरा वर्षांत पंधरा वेळा समजावलं. दर वेळी ते मन लावून ऐकत आणि शेवटी विचारत, "म्हंजे दिसत नाय असा रंग लावतोस. आनि त्याचा पगार देतात?" बढतीच्या मुलाखतीतही सरांना हेच विचारलं होतं, जरा बऱ्या इंग्रजीत.

यंदा काळुरामांचा हात थरथरू लागला. मूर्तींचे डोळे आखणं त्यांनी सोडलं. घरचा दीड दिवसाचा गणपती मात्र हट्टाने स्वतः आखला. एकेका डोळ्याला एकेक सकाळ लागली. ते डोळे पुसले जाऊ नयेत, एवढंच सरांच्या मनात आलं. त्यांनी प्रयोगशाळेतली बाटली आणून गुपचूप मूर्तीवर लेप फवारला. डोळ्यांवर दोन हात जास्त. मूर्ती शाडूची आहे, तिला परवा पाण्यातच जायचंय, हे काही डॉक्टरेट मिळवलेल्या डोक्यात शिरलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अंगणातल्या पिंपात विसर्जन झालं. एरवी सकाळपर्यंत गाळ होतो. त्यातली मूठभर माती काळुराम पुढल्या वर्षीच्या पहिल्या मूर्तीत मिसळतात. त्यांच्या बापापासूनची रीत. यंदा चौथ्या दिवशीही बाप्पा पिंपात जसेच्या तसे, टकामका बघत. शेजारची हौसा सरांच्या आईला म्हणाली, "जने, देव जायला तयार नाय गो!"

सरांनी कबुली दिली. एकोणीस निबंधांत न साधलेलं यश पिंपात साधलं होतं, आणि घरात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं.

काळुरामांनी मूर्ती काढून मांडीवर घेतली आणि लेप उतरवायला पॉलिश पेपर सरांच्या हातात दिला. सरांनी पाठ घासली, पोट घासलं. डोळ्यांपाशी थांबले.

"का रे?"

"बाबा, हे तुमचे शेवटचे."

काळुरामांनी पेपर काढून घेतला आणि स्वतःच डोळे घासू लागले.

"दर वरसाला शेवटचेच म्हनून आखलं मी," ते म्हणाले. "म्हनून तर बरं जमलं."

संध्याकाळपर्यंत पिंपात गाळ झाला. मूठ भरायला काळुरामांनी सरांना पुढे केलं.