मातीचं अत्तर

इथले भुताखेतांचे अनुभव माझी नात मला रोज दुपारी वाचून दाखवते, आणि खरं सांगू का, निम्म्यांना तरी मी म्हणते, "बंद कर गं, थापा आहेत." पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, पिंपळावरचा मुंजा... मला हे कधी पटलंच नाही. माझे वडील अकोल्याला शाळामास्तर होते. आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, देवसुद्धा बेताचाच. त्यामुळे आज हे सांगताना (मी बोलतेय, नात टाइप करतेय) मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं. आणि मला दिसलं म्हणाल तर काहीच नाही. जे काय झालं ते नाकाला झालं.

माझं नाक फार तिखट. लहानपणापासून. दूध नासायच्या आधी मला कळतं. अशा नाकाची मुलगी वडिलांनी दिली कुठे, तर नांदुऱ्याला, सरकी-ढेपेच्या दुकानात! महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दुकान पुढे, घर मागे, मधे फक्त एक दार. ढेप म्हणजे सरकीचं तेल काढून उरलेला चोथा, गुरं खातात तो. त्याचा वास ज्यांनी घेतला नाही ते सुखी आहेत. तेलकट, आंबूस, घशाला चिकटणारा. पावसाळ्यात त्याला बुरशी आली की विचारूच नका. उशीला तो वास, पापडाच्या डब्याला तो वास, नवऱ्याच्या मानेला तो वास. पहिलं वर्षभर मी पदर नाकाला लावूनच जेवले.

सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सूनबाई लय शिकेल हाये. कांदे भी नाकानंच सोलते."

त्या घरात माझं एकच माणूस होतं, ते म्हणजे नणंद कुसुम. माझ्याहून थोडी लहान. नाकीडोळी नीटस, कामाला वाघ, पण लग्न जमत नव्हतं. आधी दोन ठिकाणची माणसं येऊन, पोहे खाऊन गेली आणि नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, "पोरगी बरी हाये, पन तिच्या अंगाले ढेपीचा वास येते." हे तोंडावर नाही हं, पण गावभर. त्यानंतर कुसुम बेसन, लिंबू, कापूर जे हाती येईल त्यानं अंग घासायची. कोपर सोलून निघाले तरी घासायची. कोणी जवळ आलं की ही दोन पावलं मागे सरकायची. मला त्या ढेपेपेक्षा त्या पोहे खाऊन गेलेल्या लोकांची जास्त किळस यायची. मुलीला हुंगून बघतात, बैल आहे का ती?

मग तिसरं स्थळ आलं. घाटावरचं, अमडापूरच्या पुढचं एक खेडं. नाव सांगत नाही. मुलगा बिजवर, पहिली बायको तापानं गेली म्हणाले. मूलबाळ नाही. मळा, विहिरीवर इंजिन, बारमाही पाणी. बोलणी सुरू झाल्यावर त्यांनी मध्यस्थाबरोबर मळ्यातली वांगी पाठवली, टोपलं भरून. काटेरी, जांभळी, सुरेख. सासूबाईंनी भरीत केलं आणि आम्ही सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. ही वांगी लक्षात ठेवा.

सासऱ्यांनी तर मनात लग्न लावूनच टाकलं होतं. कुसुम एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "वैनी, यायनं भी नाई म्हटलं तं बाबा मले मोठ्या आत्याकडं ठिवून देतीन. कायमचं."

मोठी आत्या म्हणजे सासऱ्यांची विधवा बहीण, चहाच्या कपातही खोट काढणारी. तिथे कुसुमचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं, ढेपेचा वास मारायचा. पाहुणे यायच्या आधीच्या बाजारात मी अत्तरवाल्या चाचांकडे गेले. म्हातारे होते, मेंदीची दाढी, काचेचं झाकण असलेली लाकडी पेटी घेऊन कापड बाजाराच्या तोंडाशी बसायचे. मी गुलाब मागितला. त्यांनी दाखवलेले दोन-तीन गुलाब म्हणजे नुसतं सरबत, गोड-गोड, माशा बसाव्यात असं. पेटीच्या कोपऱ्यात एक बाटली वेगळी ठेवलेली दिसली. बूच काढून हुंगली... आणि मी तिथेच थांबले.

वर गुलाब होता, पण कोवळा नाही, जरा सुकत आलेला, गडद. आणि त्याच्या खाली लाकूड. जुन्या सागवानी पेटीचं झाकण उघडल्यावर येतो तसा कोरडा, शांत वास. तो गुलाब त्या लाकडाला टेकून बसला होता म्हणा ना. बाईला शोभेल असा, पण लाडिक नाही. आणि स्वस्त! एवढं बरं अत्तर एवढं स्वस्त का, असा प्रश्न पडायला हवा होता.

चाचा म्हणाले, "वो नको लेव बाई. वो मिट्टी का है."

मला वाटलं, मला अडाणी समजतात. मिट्टीचं अत्तर मला माहीत होतं, अकोल्याला मिळायचं, भिजलेल्या मातीच्या वासाचं. यात गुलाबाखाली थोडं तेच मिसळलं असेल, असं मी धरून चालले. मी म्हटलं, "माहीत आहे मला. हेच द्या." मान हलवून त्यांनी बाटली कागदात गुंडाळून दिली.

कुसुमनं ते लावलं तेव्हाचा तिचा चेहरा मला अजून आठवतो. मनगटाला, कानामागे, वेणीच्या मुळाशी. लावलं आणि स्वतःचाच हात नाकाशी धरून बसली. "वैनी, हे मीच हाये का वं?" म्हणाली. आणि मी शेजारी बसले तर ती मागे सरकली नाही. एका बाटलीनं पोरीची पाठ सरळ झाली. ढेपेचा वास होता कुठे? दार उघडं असूनही नव्हता.

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा खाली बघून बसलेला. आई जाडजूड, हातभर बांगड्या, बोलायला पुढे. कुसुम पोहे घेऊन आली तसा बैठकीत तो गुलाब पसरला. मामा म्हणाले, "वा, वास मोठा झ्याक हाये." सासरे खुलले. मुलाच्या आईनंही मान डोलावली आणि मळ्याचं सांगायला लागली, विहिरीचं पाणी कसं उन्हाळ्यात पण आटत नाही वगैरे.

मग मी रीतीप्रमाणे त्या बाईंना हळदकुंकू लावलं. आणि हळदकुंकवाबरोबर अत्तर द्यायचंच, म्हणून काडीला कापूस गुंडाळून त्याच बाटलीतलं अत्तर त्यांच्या मनगटावर लावलं. त्यांनी हात उचलून नाकाशी नेला.

आता पुढचं सांगते ते जसं आलं तसं सांगते.

आधी ओला वास आला. दोन दिवस बादलीत राहिलेल्या लुगड्याचा येतो तसा. मी म्हटलं, कोणी काय सांडलं? मग तो वाढला. शेवाळ, कुजकं पाणी, गाळ. मग त्याच्यातून तो दुसरा वास वर आला, गोडसर, जाड... नात म्हणते, आजी, नीट वर्णन कर. नाही करणार. मेलेलं जनावर पाण्यात फुगलेलं कधी जवळून पाहिलं असेल तर समजा, आणि त्याला गुलाब लावला आहे असं समजा. गुलाब गेला नव्हता ना! तोच तर सगळ्यात घाण भाग. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं ते.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता.

ती बाई मनगट लुगड्याला घासत होती. जेवढं घासत होती तेवढा वास वाढत होता. तिचा चेहरा राखेसारखा झाला, आणि ती कोणाकडेच न बघता, अगदी हळू म्हणाली, "कोनं काढलं तिले वर?"

मुलानं पहिल्यांदा मान वर केली. "आई, गप राय."

बस्स. एवढंच. मामांनी काहीतरी हसण्यावारी नेलं, उन्हाचं, प्रवासाचं. चहा न घेता मंडळी उठली. ती गेली आणि वास गेला. हवेत विरत विरत नाही, एकदम. मी मागच्या दारी जाऊन पोटातलं सगळं काढलं. वांगी खाऊन चार दिवस झाले असतील, पण मला वाटत होतं ती अजून आत आहेत. त्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेली... जाऊ दे.

यात विचित्र म्हणजे बाप्यांना काहीच आलं नव्हतं! माझा नवरा म्हणाला, "काय मस्त वास होता, तू काऊन ओकून राह्यली?" सासऱ्यांना गुलाबच आला, मामांना गुलाबच. आणि कुसुमलाही. तिला तर कळेचना की आम्ही दोघी अशा का झालो.

आमच्या मागच्या गल्लीत रशीदाबी राहायच्या, गाद्या-रजया भरायच्या, माझ्याशी चांगलं जमायचं. दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले, म्हटलं बघा बरं, हे खराब झालंय का. त्यांनी हुंगलं. "अच्छा तो है," म्हणाल्या. कुठून आणलं, चाचा काय म्हणाले, ते मी सांगितलं. त्यांनी बाटली खाली ठेवली.

"बाई, मिट्टी का मतलब वो मिट्टी नहीं. मय्यत का. मिट्टी देते ना, उसका. कफन को लगाते वो."

मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आपणही म्हणतोच की, अमक्याच्या मातीला गेलो होतो. दोन्हीकडे शब्द तोच, आणि मी शहाणी, भिजलेल्या जमिनीचं अत्तर समजून घेऊन आले. म्हणजे प्रेताचं अत्तर मी नणंदेच्या वेणीला लावलं, आणि होणाऱ्या सासूच्या मनगटाला.

तरी मी तेव्हाही म्हटलं, असेना. अत्तर ते अत्तर. कफनाला लावलं म्हणून त्याला विहिरीचा वास थोडाच येतो?

पुढच्या आठवड्यात मध्यस्थ हसत हसत आला. मुलगी पसंत! हुंडा नको, लग्न लवकर उरका म्हणाले. हे ऐकून मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या वासानंही आली नव्हती. इतकं होऊनही त्यांना अजून एक बाई हवीच होती. आणि सासरे तर नारळ काढायला उठले. मी दाराआडून बोलले, "मामंजी, थोडी चौकशी करू या." ते म्हणाले, "तू तुह्यं नाक सांभाळ."

तेव्हा सासूबाई मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यापुढे त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"माही पोरगी त्या इहिरीचं पानी पिनार नाई."

"कोनती इहीर? तिची सून तापानं गेली. इहिरीचं कोन बोललं?"

"कोनी नाई बोललं," सासूबाई म्हणाल्या. "माह्या मोठ्या बहिनीले अशीच इहिरीतून वर काढली होती. मी परकर नेसत होती तवा. मले मायनं दूर नेलं, पन वास आला. मले हा वास मालूम हाये. तुमाले जायाचं असन तं तुमी जा त्या घरी नांदायले."

सासऱ्यांनी नारळ परत ठेवला. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या नाकाला काही बोलल्या नाहीत.

नवऱ्यानं पुढे घाटावरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांत विचारून पाहिलं. कोणी म्हणे तापच, कोणी विषय बदलला, एकानं "पाय घसरला म्हंतात" एवढं म्हटलं आणि तंबाखू मळायला लागला. पोलीस नाही, पंचनामा नाही. याहून जास्त आम्हाला कधीच कळलं नाही. त्यानं तरी माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठे मिळतं? समजा ती बिचारी विहिरीतच गेली. मग नांदुऱ्यात, भर दुपारी, कापसाच्या एका बोळ्यात तो वास आला कसा? आणि आम्हाला तिघींनाच का? अत्तर नासलं असेल, बाईचा हात घाण असेल, माझं नाकच खोटं असेल... सगळं म्हणून झालं. एकही पटत नाही.

कुसुमचं लग्न पुढे दोनेक वर्षांनी खामगावला झालं, एका कंपाउंडरशी. त्याला डेटॉलपुढे दुसरा वासच यायचा नाही! सुखानं संसार केला. बाटली मी नालीत फेकणार होते, पण तिनं हातातून घेतली. "मले तं गुलाबच येते वैनी. मी काऊन फेकू?" ती संपेपर्यंत वापरली तिनं. आता तिची सून तिला तसलंच काहीतरी आणून देते, खोक्यातलं, गुलाब आणि लाकूड, स्वस्तातलं. आख्ख्या घराला आवडतं. मी गेले की श्वास धरून बसते.

दर संक्रांतीला कुसुमच्या घरी हळदीकुंकू असतं. सगळ्या बायकांचं झालं की ती एक पाट रिकामा मांडते. त्यावर वाण ठेवते, हळदकुंकू वाहते, आणि त्याच परफ्यूमचा कापूस ठेवते. आधी मी चिडायचे, हे काय भलतंच. आता चिडत नाही. तिथे नाव घेऊन बोलवायची पद्धत आहे, पण कुसुम नुसतं "घे बाई" एवढंच म्हणते. दुसरं काय म्हणणार? इतकी बोलणी झाली, वांगी आली, विहिरीचं पाणी सांगून झालं, पण त्या पोरीचं नाव काय होतं ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही.