कोऱ्या पानावरची सही

जेसीबीनं पत्रे ओढले तेव्हा माझी धाकटी जाऊ माझ्यासमोर उभी होती. घर तिचं. हातात ठरावाची नक्कल, अधिकाऱ्यानं दिलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण माझी सही ती ओळखायची. वीस वर्षं प्रत्येक अर्जावर त्या सहीखाली तिचा अंगठा असायचा.

"बाई, ही तुमचीच न्हाई का?"

"माझीच."

"मग वाचून दाखवा."

मी वाचलं. गायरानात हळदीचं गोदाम बांधायला ग्रामपंचायतीची हरकत नाही, तिथली अतिक्रमणं काढावीत. खाली मी, सरपंच.

"परत वाचा."

मी परत वाचलं. तोवर भिंत पडली होती.

दोनदा वाचायची रीत आमचीच. गायरानात मेंढरं चारणाऱ्यांची पाच-सहा घरं होती. दीर वारल्यावर जावेनं तिथंच खोली बांधली, दीड एकर कसलं. ती जागा कसणाऱ्यांच्या नावावर करा म्हणून आम्ही बाया तहसिलीवर बसायचो. पहिल्याच वर्षी एक माणूस मदत करतो म्हणून अंगठे घेऊन गेला. कागदावर निघालं, आम्ही जागा सोडायला राजी. तेव्हापासून ठरलं, कागद मोठ्यानं दोनदा वाचायचा, मग अंगठा. मी चौथी शिकलेली, म्हणून वाचायचं काम माझं. जाऊ सगळ्यांत कडक. एकदा तहसीलदार वैतागले तर म्हणाली, "सायेब, तुमी शिकलेले, तुमाला एकदात समजतंय. आमाला दोनदा लागतंय." तेही हसले.

पुढं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. मला उभं केलं तिनंच. घरोघर फिरली. "आता तहसिलीवर बसायचं काम न्हाई," म्हणायची, "आता आपलीच बाई खुर्चीवर बसून राहिली."

पहिल्या दोन-तीन बैठकांत मी प्रत्येक ठराव दोनदा वाचला. मी अक्षर अक्षर लावत वाचते. एक सदस्य म्हणाला, "आक्का, शाळा भरवली का? माझी हिंगोलीची गाडी चुकून राहिली." सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं. तहसिलीवर मला माझ्या वाचण्याची कधी लाज वाटली नव्हती. खुर्चीवर वाटायला लागली.

मग ग्रामसेवक म्हणाला, "आक्का, तुमी खाली सही करून ठेवा, वरचं मी लिहितो. सगळ्या गावांत असंच चालतं." खरंच चालतं. मी कोऱ्या पानांवर सह्या केल्या. किती केल्या, मला माहीत नाही.

लोक म्हणतात, आक्काला फसवलं. तसं नाही. कोऱ्या पानाचं पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. तेच मी वीस वर्षं बायांना सांगत होते.

घरं पडल्यावर मी हिंगोलीला मोठ्या साहेबांकडं गेले. मी म्हणाले, सही माझी आहे, पण पान कोरं होतं. साहेब म्हणाले, "मग केलीच कशाला?" मी परत आले आणि राजीनामा दिला. त्यानं काही पडलेली भिंत उभी राहिली नाही.

जाऊ वसमतला लेकीकडं गेली. तिथं हळद निवडायला जायची. मी एकदा गेले, घरची ज्वारी घेऊन. तिनं चहा केला.

"भांडण न्हाई माझं," ती म्हणाली. "पण काहून केली सही, तेवढं सांगा."

"माणसांसमोर वाचायची लाज वाटली."

"एवढंच?"

"एवढंच."

चहा झाल्यावर तिनं ज्वारीचं गाठोडं उचलून माझ्या चपलांजवळ आणून ठेवलं. दुसऱ्या हिवाळ्यात ती वारली. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

गायरानात आता गोदाम आहे. तिथल्या घरांतलं कोणी गावात राहिलं नाही. कोण पुण्याकडं गेलं, कोण ऊसतोडीला. माझं घर गावठाणात होतं, पक्कं, त्याला कोणी हात लावला नाही. मी अजून त्यातच राहते.